ज्वरघ्न वनस्पतींचे वीर्य आणि देश-काल

औषधी द्रव्याची गुणवत्ता देश, काल, गुण आणि भाजन या चार संपदांवर अवलंबून असते, असे चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या आरंभीच सांगितले आहे. शाखा व पाने वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात आणि सार हेमंतात घ्यावे, हा संग्रहक्रम आपण सर्वांनी अभ्यासलेला आहे. शार्ङ्गधरांनी तर विंध्यादी पर्वतांवरील औषधी आग्नेय आणि हिमालयातील सौम्य, असा स्पष्ट भेद केला आहे. परीक्षेपुरते पाठ केलेले हे नियम रुग्णाच्या प्राणांशी कसे निगडित आहेत, हे मलेरियावरील वनस्पतींच्या उदाहरणाने येथे पाहू.

वनस्पती आपली तिक्त, कषाय वा सुगंधी द्रव्ये मनुष्यासाठी निर्माण करीत नाही. कीटक, प्रखर ऊन, थंडी, पाण्याचा ताण यांपासून स्वतःचे रक्षण करणे, हा त्यांचा हेतू असतो. म्हणूनच ऊन, थंडी व पाऊस बदलले की या घटकांचे प्रमाणही बदलते. मात्र ताण वाढला म्हणजे गुण वाढलाच, असे समीकरण मांडता येत नाही. अतिताणाने झाडाची वाढ खुंटते, पाने कमी येतात आणि एकूण मिळणारे औषध घटते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपल्या दवण्याची जवळची नातलग, आर्टेमिसिया ॲन्युआ. चीनमध्ये 1967 साली मलेरियावरील औषधाच्या शोधाची मोहीम सुरू झाली. तीत काम करणाऱ्या तू यूयू यांना चौथ्या शतकातील गे हाँग यांच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस घेण्याची कृती आढळली. तीत उकळणे नव्हते. उष्णतेने कार्यकारी घटक नष्ट होत असावा, असा तर्क करून त्यांनी कमी तापमानास अर्क काढला. 1972 मध्ये आर्टेमिसिनिन शुद्ध स्वरूपात हाती आले आणि 2015 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कल्पनाभेदाने वीर्य कसे राहते किंवा जाते, याचा हा बोलका दाखला होय.

हा घटक पानांवरील सूक्ष्म ग्रंथींत साठतो. दिवस लहान होऊ लागले की या वनस्पतीला फुलोरा येतो आणि फुलोऱ्याच्या सुमारास पानांतील प्रमाण सर्वाधिक असते. विषुववृत्ताजवळ दिवस फारसा लांबत नाही. तेथे योग्य वाण न निवडल्यास झाड लहान असतानाच फुलते आणि पाने थोडी मिळतात. थंडीचा परिणामही उल्लेखनीय आहे. रात्रीच्या हिमानंतर पूर्वघटकाचे आर्टेमिसिनिनमध्ये रूपांतर वाढल्याचे प्रयोगांत आढळले आहे. एकाच बियाण्याचे पीक दोन प्रदेशांत किंवा दोन ऋतूंत समान गुणाचे येईलच, असे म्हणूनच सांगता येत नाही.

आता आपल्या द्रव्यांकडे वळू. सप्तपर्ण, कटुकी, किराततिक्त आणि लताकरंज (सागरगोटा) ही आयुष-64 या कल्पातील चार द्रव्ये. त्यांपैकी कटुकी ही हिमालयात सुमारे 3000 मीटर व त्याहून उंच ठिकाणी वाढते. तिची रोपे 15 आणि 25 अंश सेल्सिअसवर वाढवून तुलना केली असता 15 अंशांवर पिक्रोसाइड घटकांचा संचय अधिक आढळला. हिमालय तापत जाईल, तसे या वनस्पतीस वर सरकावे लागेल आणि शिखराच्या वर तिला जागा नाही. अतिसंग्रहामुळे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आधीच निर्बंध आहेत. किराततिक्ताचीही अडचण निराळी नाही. हिमालयातील किराततिक्त न मिळाल्यास आपल्याकडे कालमेघ वापरला जातो. दोन्ही तिक्त खरी, परंतु त्यांचे कुल निराळे आणि घटकही निराळे.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते. व्हायव्हॅक्स मलेरियात आयुष-64 आणि क्लोरोक्विन यांची तुलना 2000 साली प्रसिद्ध झाली. तीत क्लोरोक्विनचे सर्व रुग्ण बरे झाले, तर आयुष-64 ने सुमारे निम्मेच. आर्टेमिसियाचा चहा किंवा चूर्ण यांच्या वापरास जागतिक आरोग्य संघटनेनेही पाठिंबा दिलेला नाही. त्यामागील एक कारण म्हणजे त्यांतील घटकाचे अनिश्चित प्रमाण. अपुऱ्या मात्रेने ज्वर काही काळ उतरतो, जंतू मात्र उरतात आणि प्रतिकारक्षम होण्याची भीती असते. गडचिरोलीसारख्या फॅल्सिपॅरमबहुल जिल्ह्यात अशा विलंबाने रुग्ण दगावू शकतो.

म्हणून वैद्यबंधुभगिनींना आमचे सांगणे असे की, थंडी वाजून येणाऱ्या प्रत्येक ज्वरात रक्ततपासणी त्वरित करावी आणि मलेरिया निश्चित झाल्यास प्रमाणित औषधयोजना विनाविलंब सुरू करावी. ज्वरोत्तर अग्निमांद्य, दौर्बल्य व पांडुता यांत आपल्या चिकित्सेस पुरेसा वाव आहे. द्रव्य खरेदी करताना वनस्पतीचे अचूक नाव, प्रदेश, उंची, संग्रहाचा महिना व साठवणीचा काळ यांची नोंद मागावी. व्यापाऱ्याकडे ती नसेल, तर द्रव्य किती कार्यकारी आहे हे कोणीच सांगू शकणार नाही. ऋतू आपला क्रम सोडू लागले असताना केवळ पंचांगातील महिना पाहून संग्रह करणे पुरेसे नाही. फुलोरा, पानगळ, सालीतील रस ही वनस्पतीची स्वतःची लक्षणे पाहूनच काल ठरवावा लागेल.