जूडा, थीओडोर डीहोन
(४ मार्च १८२६ – २ नोव्हेंबर १८६३). अमेरिकन स्थापत्य अभियंते आणि अमेरिकेतील पहिल्या खंडपार लोहमार्गाचे प्रवर्तक. जन्म ब्रिजपोर्ट (कनेक्टिकट) येथे. ट्रॉय (न्यूयॉर्क) येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन त्यांनी पूर्वेकडील अनेक लोहमार्गांवर काम केले. १८५४ मध्ये ते कॅलिफोर्नियास गेले व त्यांनी सॅक्रामेंटो ते फॉल्सम हा सु. ३५ किमी. लांबीचा लोहमार्ग बांधला (१८५६).

पूर्वेकडील लोहमार्ग पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत नेण्यात सिएरा नेव्हाडा पर्वताचा मोठा अडथळा होता. १८५७ मध्ये जूडा यांनी या मार्गाची योजना पुस्तिकारूपाने मांडली. या एकाच ध्यासामुळे लोक त्यांना ‘वेडा जूडा’ म्हणत. १८६० मध्ये डच फ्लॅट येथील औषधविक्रेते डॅनियल स्ट्राँग यांनी त्यांना डॉनर खिंडीची वाट दाखविली. तेथे नद्यांच्या खोऱ्यांमधून सलग चढत जाणारी डोंगरसोंड असल्याने सु. २,१०० मी. उंचीपर्यंत सु. दोन टक्के चढाने मार्ग नेणे शक्य होते.

सॅन फ्रॅन्सिस्कोच्या धनिकांनी पाठ फिरविल्यावर सॅक्रामेंटोचे व्यापारी स्टॅनफर्ड, हंटिंग्टन, हॉपकिन्झ व क्रॉकर यांनी भांडवल पुरविले आणि १८६१ मध्ये सेंट्रल पॅसिफिक कंपनी स्थापन झाली. जूडा तिचे प्रमुख अभियंता होते. वॉशिंग्टन येथील त्यांच्या प्रयत्नांचा १ जुलै १८६२ रोजी संमत झालेल्या पॅसिफिक लोहमार्ग अधिनियमात मोठा वाटा होता. या अधिनियमाने दर मैलामागे सपाटीवर १६,००० व पर्वतात ४८,००० डॉलरचे सरकारी कर्जरोखे देऊ केले. त्यामुळे पर्वताचा पायथा कोठे मानावयाचा, हा प्रश्न पैशाचा झाला. भागीदारांनी तो सॅक्रामेंटोपासून केवळ सु. ११ किमी.वर, म्हणजे सपाट मैदानातच दाखविला. जूडा यांनी त्यास संमती दिली नाही. बांधकामाच्या ठेक्यांवरूनही मतभेद वाढले. भागीदारांचे हिस्से विकत घेता यावेत म्हणून नवे भांडवल मिळविण्यासाठी ऑक्टोबर १८६३ मध्ये ते पनामामार्गे पूर्वेकडे निघाले. परंतु वाटेत पीतज्वर होऊन ते न्यूयॉर्क येथे मरण पावले.

पुढे सॅम्युएल माँटेग्यू यांच्या देखरेखीखाली, हजारो चिनी मजुरांच्या श्रमांतून पर्वतातील मार्ग मुख्यतः जूडा यांच्या आखणीनुसार पूर्ण झाला व १० मे १८६९ रोजी प्रॉमंटरी (यूटा) येथे तो पूर्वेकडून आलेल्या मार्गास मिळाला. त्यापासून चौघा भागीदारांस अमाप संपत्ती लाभली. जूडा यांस मात्र तो पर्वत ओलांडणारी गाडी पाहण्याचेही भाग्य लाभले नाही.