सुरीचं पोलाद आणि परीक्षकाचं मत

रानावनात वापरायची सुरी घेताना अनेकांचं मत व्हिडिओ पाहून बनतं. परीक्षक पातं ओंडक्यावर ठेवतो, वरून दणके घालतो. पातं तुटलं नाही की सुरी उत्तम! या कसोटीतून कळतो तो फक्त चिवटपणा. पोलादात कार्बाइडचे कठीण कण वाढले की धार जास्त टिकते, पण चिवटपणा सहसा घटतो. त्यात भर गंजाची. स्वीडनमधल्या मोरा गावच्या प्रसिद्ध सुऱ्या कार्बन पोलादात आणि स्टेनलेसमध्येही मिळतात. कोरड्या हवेत राहणारा परीक्षक कार्बन पोलादाची तारीफ करतो ती खोटी नसते. सह्याद्रीच्या पावसाळ्यात मात्र तेच पातं पुसायचं राहिलं तर एका रात्रीत तांबूस होऊ शकतं. स्टेनलेसमधलं साधारण १३ टक्के क्रोमियम पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर धरतं, म्हणून ते गंजाला दाद देत नाही. निदान लवकर तरी नाही.

मग मतं सोडून प्रयोगशाळेचे आकडेच पाहावेत? शेफील्डच्या ‘कॅट्रा’ या संस्थेच्या यंत्रावर सिलिकामिश्रित कागद कापून धार मोजतात, आणि तुलनेला ती पद्धत चोख आहे. पण धारेचा कोन किंवा उष्णतासंस्कार बदलला की त्याच पोलादाचा निकाल बदलतो, आणि ओल्या हातात मूठ निसटते का, हे यंत्र सांगत नाही. तिथे अनुभवी परीक्षकच हवा: कोन, हवामान आणि वापराचा काळ सांगणारा, आणि विक्रीत आपला वाटा आहे का, हेही न लपवणारा.