चरित्र-अभिनेते चित्तरंजन कोल्हटकर : एक दृष्टिक्षेप

अमरावती येथे 1923 साली जन्मलेल्या चित्तरंजन कोल्हटकर यांच्या कारकिर्दीचा विचार केवळ जन्मस्थळाच्या नोंदीने पूर्ण होत नाही. त्यांचे वडील चिंतामणराव हे बलवंत संगीत मंडळीचे (1918) एक संस्थापक होते. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधील त्यांचा घनःश्याम विशेष गाजला. खलभूमिकेचा हा वारसा चित्तरंजन यांनी रंगभूमी व चित्रपट या दोन्ही माध्यमांत चालविला.

वसंत कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’ (1966) या नाटकात त्यांनी धर्माप्पा साकारला. प्रा. विद्यानंदांची ध्येयनिष्ठा हा नाटकाचा कणा होय. तथापि तिला आव्हान देणारा धर्माप्पा दुबळा ठरल्यास संघर्षच ढासळतो. चरित्र-अभिनेत्याचे मोल येथे स्पष्ट होते.

रंगमंचावर शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावा लागतो. कॅमेऱ्यापुढे तीच शब्दफेक अतिरेकी वाटते. दोन्हींचे भान राखणे ही या नटाची कसोटी असते.

2009 साली त्यांचे पुण्यात निधन झाले. चित्रपटातील भूमिका फितीवर उरते. रंगमंचावरील भूमिका मात्र प्रेक्षकाच्या स्मरणातच जगते. 1966 मधील तरुण प्रेक्षक आज ऐंशीच्या घरात आहेत. सबब अमरावती-अकोल्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी अशा प्रेक्षकांच्या आठवणी वेळीच ध्वनिमुद्रित करणे अगत्याचे आहे.