सागरी किनारा मार्ग, मुंबई : पर्यावरणीय व सामाजिक आक्षेप

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यालगत, मुख्यतः समुद्रात भराव घालून बांधलेल्या द्रुतगती मार्गास पर्यावरणाच्या, मच्छीमारांच्या उपजीविकेच्या व नगरनियोजनाच्या दृष्टीने घेण्यात आलेल्या हरकती. मरीन लाइन्स येथील प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे–वरळी सागरी सेतूच्या वरळी टोकापर्यंतचा हा मार्ग १०·५८ किमी. लांबीचा व आठ पदरी असून त्याचे बांधकाम मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू केले. गिरगाव चौपाटी ते प्रियदर्शिनी उद्यान या टप्प्यात मलबार टेकडीखालून प्रत्येकी सु. २ किमी. लांबीचे दोन बोगदे काढले आहेत. मार्गाचा पहिला भाग १२ मार्च २०२४ रोजी व सागरी सेतूकडे जाणारा उत्तरवाही पूल जानेवारी २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. एकूण खर्च सु. १३,९८३ कोटी रुपयांवर गेला. मार्गास छत्रपती संभाजी महाराजांचे नाव देण्यात आले आहे.

पार्श्वभूमी : आजची मुंबई मुळातच सात बेटांमधील खाड्या बुजवून घडलेली आहे. महालक्ष्मी व वरळी यांच्यामधील खिंडार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांध घालून बंद करण्यात आले. तो बांध ‘हॉर्नबी व्हेलार्ड’ या नावाने ओळखला जातो. १८६० नंतरच्या कापूस-तेजीच्या काळात बॅक बे येथे भराव घालण्याचा उद्योग १८६५ च्या मंदीत कोसळला. १९२० नंतरच्या दशकात सरकारने ही योजना पुन्हा हाती घेतली, तेव्हा खुर्शेद नरिमन यांनी तिच्यातील उधळपट्टीवर कडक टीका केली. त्यावरून त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला व ते त्यातून निर्दोष सुटले. समुद्र हटवून भूमी मिळविण्याच्या योजनांस मुंबईत होणारा विरोध त्यामुळे नवा नाही. मात्र पूर्वीचा विरोध मुख्यत्वे सार्वजनिक पैशाच्या विनियोगाविषयी होता, तर सागरी किनारा मार्गाच्या वेळी समुद्राच्या परिसंस्थेचे व तिच्यावर जगणाऱ्या समाजाचे हक्क हा वादाचा केंद्रबिंदू ठरला.

पश्चिम किनाऱ्यालगत जलद मार्गाची शिफारस विल्बर स्मिथ या सल्लागार संस्थेने १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी केली होती. तिचा एक अंश वांद्रे–वरळी सागरी सेतूच्या रूपाने २००९ मध्ये प्रत्यक्षात आला. सेतू पुढे दक्षिणेकडे वाढवावा की किनाऱ्यालगत रस्ता करावा, याचा विचार करण्यासाठी राज्य शासनाने नेमलेल्या संयुक्त तांत्रिक समितीने २०११ मध्ये किनारा मार्गाच्या बाजूने अहवाल दिला.

कायदेशीर चौकट : भारताच्या किनाऱ्यावरील बांधकामांचे नियंत्रण पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये काढलेल्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेद्वारे होते. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. तिची जागा ६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेने घेतली. खांबांवरील रस्त्यास या दुसऱ्या अधिसूचनेत वाव होता. परंतु रस्त्यासाठी समुद्रात भराव घालण्यास मनाई होती. डिसेंबर २०१५ मध्ये तिच्यात दुरुस्ती होऊन अपवादात्मक परिस्थितीत भरावभूमीवर रस्ता करण्याची मुभा देण्यात आली. आक्षेप घेणाऱ्यांच्या मते येथेच मूळ प्रश्न उद्भवतो; कारण भराव हा एकमेव पर्याय असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रकल्प मांडणाऱ्यावर येते. राज्य किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाने जानेवारी २०१७ मध्ये शिफारस केली व केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ११ मे २०१७ रोजी अनुमती दिली.

पर्यावरणीय आक्षेप : (१) खडकाळ किनाऱ्याची हानी : ब्रीच कँडी, हाजी अली व वरळी येथील किनारा बेसाल्टी खडकांचा आहे. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या या पट्ट्यात पाण्याची डबकी राहतात व त्यांत स्पंज, समुद्रफूल, खेकडे, शंख-शिंपले, समुद्री गोगलगाई यांसारखे प्राणी राहतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या गटाने २०१७ पासून अशा प्राण्यांच्या नोंदी केल्या, तेव्हा मुंबईचा समुद्र केवळ सांडपाण्याचा आहे ही सर्वसाधारण समजूत चुकीची ठरली. येथे प्रवाळांच्या वसाहतीही आढळल्या. खडकाळ प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाइतकेच, संरक्षण आहे. पुढे वनविभागाच्या परवानगीने राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली हाजी अली व वरळी येथील १८ वसाहती २०२० च्या अखेरीस कुलाब्याच्या किनाऱ्याकडे हलविण्यात आल्या. टीकाकारांचे म्हणणे असे, की प्रवाळाची वसाहत उचलून नेता येते; तिच्याभोवतीचे जीवसृष्टीचे जाळे उचलून नेता येत नाही.

(२) भरावाचे परिणाम : प्रकल्पासाठी प्रारंभी ९० हे. भराव प्रस्तावित होता. पुढे तो सु. १११ हे. झाला. लाटांचा मारा सोसण्यासाठी भरावाच्या कडेला मोठ्या दगडांचा संरक्षक थर असतो. उताराचा नैसर्गिक किनारा लाटांची ऊर्जा हळूहळू जिरवितो. तीव्र उताराचा कृत्रिम किनारा तिचा काही भाग परतवितो. त्यामुळे प्रवाहांची दिशा बदलणे, एका ठिकाणी गाळ साचणे व दुसऱ्या ठिकाणी वाळू वाहून जाणे हे परिणाम संभवतात. असे परिणाम प्रकल्पाच्या हद्दीबाहेर व काही वर्षांनी दिसतात, म्हणून त्यांचे पूर्वमूल्यमापन अधिक आवश्यक ठरते.

(३) पाण्याचा निचरा : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस पडून मुंबईत मोठी जीवितहानी झाली. भरतीच्या वेळी पर्जन्यजलवाहिन्यांची समुद्रातील तोंडे पाण्याखाली जातात व शहरातील पाणी तुंबते. किनारा पुढे सरकला म्हणजे या वाहिन्याही लांबवाव्या लागतात. महानगरपालिकेने त्यांची तोंडे रुंद केल्याचे व त्यांना भरती रोखणारी दारे बसविल्याचे सांगितले. समुद्रपातळी वाढत असताना ही व्यवस्था किती काळ पुरेल, हा आक्षेपकर्त्यांचा प्रश्न होता.

मच्छीमारांचे आक्षेप : वरळी कोळीवाडा हे मुंबईतील जुन्या वसतिस्थानांपैकी एक होय. येथील लहान होड्यांचे मच्छीमार किनाऱ्याजवळच्या उथळ व खडकाळ पाण्यात जाळी टाकतात. शेवंड, खेकडे व किनाऱ्यालगतची मासळी हे त्यांचे उत्पन्न. कोळी स्त्रिया ओहोटीत खडकांवरील कालवे व शिंपल्या काढतात. ज्याला नियोजनाच्या नकाशावर रिकामे पाणी म्हटले जाते, ते कोळ्यांच्या दृष्टीने नावानिशी ओळखले जाणारे व वहिवाटीने वाटलेले क्षेत्र असते. परंतु शेतजमिनीप्रमाणे त्याचा सातबारा नसतो. त्यामुळे जमीन संपादन होताना शेतकऱ्यास जी नोटीस व भरपाई मिळते, ती समुद्र बुजविला जाताना मच्छीमारास आपोआप मिळत नाही.

दुसरी हरकत होड्यांच्या वाटेविषयी होती. वरळीजवळ मार्ग सागरी सेतूला जोडण्यासाठी समुद्रात खांब उभारावयाचे होते. दोन खांबांतील नियोजित अंतर ६० मी. होते. वादळी वाऱ्यात व भरतीच्या ओढीत एवढ्या अंतरातून होडी सुरक्षित काढता येणार नाही, असे मच्छीमारांनी सागरी सेतूच्या खांबांच्या अनुभवावरून सांगितले व अधिक रुंद वाट मागितली. महानगरपालिकेने तांत्रिक आधारावर ही मागणी प्रथम नाकारली. मच्छीमारांनी त्या भागातील काम दीर्घकाळ रोखून धरले. अखेरीस २०२२ च्या शेवटी एक खांब वगळून १२० मी. अंतर ठेवण्याचे शासनाने मान्य केले. २०२४ मध्ये तेथे धनुष्याकृती कमानीच्या, १३६ मी. व १४३ मी. लांबीच्या, पोलादी तुळया बसविण्यात आल्या. आराखडा ठरविताना ही मागणी विचारात घेतली गेली असती, तर विलंब व वाढीव खर्च टळला असता.

नगरनियोजनविषयक आक्षेप : मुंबईतील बहुसंख्य लोक लोकलगाडीने, बसने वा पायी प्रवास करतात, कोविड-१९ च्या साथीपूर्वी उपनगरी रेल्वेचे प्रवासी दररोज सु. ७५ लाख होते. नव्या मार्गावर दुचाकी व तीनचाकी वाहनांस मनाई असल्याने त्याचा मुख्य लाभ मोटारमालकांना मिळतो, हा आक्षेप घेण्यात आला. महानगरपालिकेने प्रवासाच्या वेळेत सु. ७० टक्के व इंधनात सु. ३४ टक्के बचत होईल, असे प्रतिपादन केले. विरोधकांनी त्यावर प्रेरित वाहतुकीचा सिद्धांत मांडला : रस्ता रुंद व जलद केला म्हणजे पूर्वी टाळले जाणारे प्रवास होऊ लागतात, नवी वाहने रस्त्यावर येतात व काही वर्षांनी कोंडी पुन्हा उद्भवते. प्रकल्पाच्या समर्थकांचा युक्तिवाद असा, की चिंचोळ्या शहरात उत्तर-दक्षिण रस्ते मोजकेच असून पर्यायी मार्गाविना त्यांवरील भार कमी होणे शक्य नाही. शिवाय भरावभूमीवर सु. ७० हे. हिरवळ व लांब विहारपथ शहराला मिळतो. या विहारपथाचा मोठा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला असून त्यास नागरिकांचा प्रतिसादही मिळाला आहे.

न्यायालयीन वाद : वरळीच्या मच्छीमार सहकारी संस्था, कॉन्झर्वेशन ॲक्शन ट्रस्ट, वनशक्ती इत्यादींनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केल्या. १६ जुलै २०१९ रोजी मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंद्राजोग व न्यायमूर्ती एन. एम. जामदार यांच्या खंडपीठाने किनारा नियमन क्षेत्राची अनुमती रद्द केली. महानगरपालिकेच्या मते हा राष्ट्रीय वा राज्य महामार्ग नसल्याने २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेनुसार वेगळी अनुमती आवश्यक नव्हती. न्यायालयाने मात्र हे काम ‘बांधकाम प्रकल्प’ या सदरात मोडत असल्याने ती आवश्यक ठरविली. निर्णयप्रक्रियेत पुरेशा शास्त्रीय अभ्यासाचा अभाव असल्याचे व वन्यजीव अधिनियमाखालील परवानगीही लागत असल्याचे न्यायालयाने म्हटले.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१९ रोजी या निर्णयास स्थगिती देऊन रस्त्याचे काम पुढे चालू ठेवण्यास संमती दिली. अन्य विकासकामांस मनाई केली. ३० सप्टेंबर २०२२ च्या आदेशाने उद्याने, विहारपथ व वाहनतळ यांस परवानगी मिळाली. मात्र भरावभूमीचा निवासी वा व्यापारी वापर करावयाचा नाही, असे बंधन राहिले. स्थगितीच्या काळात भराव पूर्ण होत गेल्याने उच्च न्यायालयाने उपस्थित केलेले प्रश्न व्यवहारात मागे पडले; कारण बुजविलेला समुद्र पूर्ववत करणे शक्य नसते.

अन्यत्रचे अनुभव : न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीत भराव घालून ‘वेस्टवे’ हा मार्ग बांधण्याची योजना होती. पट्टेरी बास माशांची पिले त्या पाण्यात वाढतात, या मुद्द्याचा योग्य विचार झाला नाही म्हणून न्यायालयाने १९८२ मध्ये परवाना अडविला व १९८५ मध्ये योजना सोडून देण्यात आली. सॅन फ्रॅन्सिस्को येथे समुद्रकाठचा ‘एम्बार्केडेरो’ हा उन्नत मार्ग नागरिकांच्या विरोधामुळे अपुरा राहिला. १९८९ च्या भूकंपात त्याची हानी झाल्यावर तो १९९१ पासून पाडण्यात येऊन किनारा पुन्हा खुला करण्यात आला. रस्ता व स्थळ यांमधील हा संघर्ष किनाऱ्यापुरता मर्यादित नाही. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाणारा रस्ता दौलताबादच्या तटबंदीतील दरवाजातून जातो. तेथेही वाढती वाहतूक व जुनी वास्तू यांपैकी कोणी कोणासाठी वाट बदलावी, हा प्रश्न उभा राहतो.

उत्तरेकडील विस्तार : वर्सोवा ते दहिसर व पुढे भाईंदर असा मार्गाचा विस्तार हाती घेण्यात आला आहे. येथे मुख्य प्रश्न कच्छ वनश्रीचा (खारफुटीचा) आहे. २०१८ च्या निर्णयानुसार सार्वजनिक हितासाठी खारफुटी तोडावयाची असल्यास उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. या मार्गामुळे ४५ हजारांहून अधिक झाडे बाधित होणार असून डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली. तोडीच्या बदल्यात अन्यत्र लावलेली झाडे त्याच खाडीतील पूर थोपविण्याचे व मासळीच्या पिलांना आसरा देण्याचे काम करू शकत नाहीत, हा येथील प्रमुख आक्षेप आहे.

मूल्यमापन : आक्षेपांमुळे मार्ग रद्द झाला नाही, तथापि होड्यांची वाट दुप्पट रुंद झाली, प्रवाळांची दखल घेणे भाग पडले व भरावभूमीवरील इमारतींस आळा बसला. आक्षेप आराखड्याच्या अवस्थेत ऐकले गेले तर ते सुधारणा ठरतात व बांधकामाच्या अवस्थेत आले तर अडथळा मानले जातात, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते. मच्छीमारांच्या वहिवाटीची लेखी नोंद, खडकाळ किनाऱ्याचे आधीच केलेले जीवशास्त्रीय सर्वेक्षण आणि पर्यायांची खुली तुलना या गोष्टी उत्तरेकडील विस्तारात किती पाळल्या जातात, यावर दक्षिणेकडील अनुभवाचे मोल ठरेल.