भांबचे कान्होजी भोसले

नागपूरकर भोसल्यांचा विषय निघाला म्हणजे प्रथम आठवतात ते पहिले रघूजी. परंतु ज्या यवतमाळ जिल्ह्यांत राळेगांव मोडतें त्याच जिल्ह्यांत, यवतमाळच्या दक्षिणेस, भांब येथें या घराण्याचें ठाणें नागपूरच्या आधीं होतें; व तेथील धनी कान्होजी भोसले हे होत. राळेगांव, कळंब, वणी या टापूंतील दप्तरें चाळणारानें हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

शाहू महाराज इ. स. १७०७ त मोगलांच्या कैदेंतून सुटले तेव्हां त्यांस प्रथम मिळालेल्या सरदारांत परसोजी भोसले होते. सेनासाहेबसुभा हा किताब त्यांचा. १७०९ त ते वारल्यावर तो त्यांचे पुत्र कान्होजी यांजकडे आला. रघूजी हे कान्होजींचे चुलत पुतणे. बाप लहानपणींच वारल्यामुळें त्यांचें पालन कान्होजींच्या घरीं झालें. पुढें कान्होजींस रायाजी नांवाचा पुत्र झाला व चुलत्या-पुतण्यांचें बिनसलें. इकडे हिशेब व ऐवज साताऱ्यास पोंचेना, म्हणून शाहू महाराजांचाही कान्होजींवर रोष झाला. शेवटीं किताब रघूजींस मिळाला, आणि १७३० च्या सुमारास त्यांनीं भांबवर चाल करून कान्होजींस वणीजवळील मंदर येथें धरिलें. साताऱ्याच्या बंदिवासांतच कान्होजींचा अंत झाला. ज्यानें वाढविलें त्यासच धरावें, हें पुतण्यास शोभलें असें आम्हांस वाटत नाहीं. मात्र हुकूम छत्रपतींचा होता, हेंही विसरतां येत नाहीं.

पुढें रघूजींनीं बंगालपर्यंत स्वाऱ्या केल्या व १७५१ च्या तहानें बंगालची बारा लक्ष रुपये चौथाई ठरविली. एवढ्या पराक्रमापुढें भांब झांकलें गेलें. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची बखरही ‘नागपूरकर भोसल्यांची’. २०२५ त लंडनच्या लिलांवांतून महाराष्ट्र सरकारनें रघूजींची तरवार परत आणविली. तिच्या पात्यावर त्यांच्या नांवापुढें सेनासाहेबसुभा हीच अक्षरें आहेत. चुलत्याचा किताब पुतण्याच्या पोलादावर राहिला!

संग्राहकांची चूक होते ती येथेंच. नुसता ‘सेनासाहेबसुभा’ पाहून कागद रघूजींचा ठरवूं नये. आधीं सुहूर सन वाचावा. सुहूर सनांत ५९९ मिळविले असतां तो सन मृगाच्या सुमारास ज्या इसवी सनांत सुरू होतो तो निघतो. ‘सल्लासीन मया व अलफ’ म्हणजे ११३०, अर्थात् इ. स. १७२९-३०. याच्या पूर्वीचा सन असेल तर तो किताब परसोजींचा वा कान्होजींचा धरून शिक्का व मोर्तब पुन्हा तपासावें. सल्लासीनच्या आसपासचे कागद तर विशेष जपून पाहावे, कारण अंमल पालटला तो याच सुमारास. शिवाय या जिल्ह्यास १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत. तेव्हां जुन्या याद्यांत भांबचा शोध यवतमाळच्या नांवाखालीं केल्यास तो निष्फळ होण्याचा संभव आहे.