छत्राचा धनी

‘छद्’ म्हणजे झाकणे. छत्र हा शब्द या धातूतून आला. उन्हापासून वाचवते म्हणून त्याला आतपत्र असेही नाव आहे. अमरकोशाने मात्र राजाच्या छत्राला आणखी एक नाव दिले : नृपलक्ष्म, म्हणजे राजाची खूण. ही खूण आपल्या डोंगरातही आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपावरचे प्राचीन लाकडी छत्र अजून टिकून आहे. राज्याचा त्याग केलेल्या बुद्धाच्या स्तूपावरही राजचिन्हच चढले, एवढा त्याचा मान होता.

कालिदासाच्या रघुवंशात पुत्रजन्माची वार्ता आणणाऱ्या सेवकाला दिलीप राजा काहीही द्यायला तयार होतो. फक्त तीन वस्तू वगळून : छत्र आणि दोन चामरे. छत्रपती या शब्दाचा गाभा मला इथे सापडतो. धन, गावे, पदव्या राजा वाटू शकतो. छत्र कुणाला वाटून देता येत नाही.

क्षत्रप आणि छत्रपती हे शब्द कानाला जवळचे वाटतात म्हणून त्यांचे नाते जोडले जाते, पण ते खरे नाही. क्षत्रप हा प्राचीन इराणी शब्द. अर्थ राज्याचा रक्षक, म्हणजे सम्राटाने नेमलेला सुभेदार. गौतमीपुत्र सातकर्णीने ज्याचा पराभव केला तो नहपान क्षत्रप घराण्याचा. एक पदवी नेमणुकीतून आलेली, दुसरी कुणाचीही नेमणूक न मानणारी.

आता 1668 साल पाहा. औरंगजेबाने शिवाजी महाराजांना ‘राजा’ हा किताब दिला. मोगल दरबारात राजे पुष्कळ होते. मिर्झाराजे जयसिंगही त्यांतलेच. बादशहा किताब देई आणि मर्जी फिरली की काढूनही घेई. छत्राची गोष्ट वेगळी. फारसीत त्यालाच ‘चत्र’ म्हणत, आणि ते फक्त बादशहाने वापरावे असा दंडक अबुल फजलने आईन-ए-अकबरीत नोंदवला आहे. त्यामुळे 6 जून 1674 रोजी रायगडावर गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली महाराजांवर छत्र धरले गेले, तेव्हा त्याचा अर्थ दिल्लीला कुणी उलगडून सांगावा लागला नसणार. शब्द जुनाच होता, पण आपल्या हिमतीवर तो धारण केला म्हणून त्याला नवे तेज चढले. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे आली. सोन्याच्या होनाबरोबर तांब्याच्या नाण्यावरही ती उमटली, म्हणजे बाजारात मीठमिरची घेणाऱ्याच्या हातातही हा शब्द पोहोचला. राज्याभिषेकाच्या वर्णनात सिंहासन आणि मिरवणूक रंगवली जाते. माझ्या लेखी त्या तांब्याच्या नाण्याचे मोल त्याहून जास्त आहे.

पुढे शब्दाला ओहोटीही लागली. 1719 मध्ये शाहू महाराजांच्या नावे चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहून आल्या. छत्रपतींनी बादशाही सनद घ्यावी हे मूळ अर्थाशी जुळत नाही, मग त्यामागे व्यवहार कितीही शहाणा असो. 1731 च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन्ही गाद्या मान्य झाल्या. सत्ता पुण्याला गेली, तरी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत. ज्याच्या हाती फौज आणि खजिना होता, त्यालाही या शब्दाची मान्यता हवी होती. 1848 मध्ये दत्तक नामंजूर करून कंपनीने सातारा खालसा केले. कोल्हापूर संस्थान 1949 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले.