कोंबड्याचे पीस आणि माशाचा गळ

कुक्कुटपालन म्हटले की अंडी आणि मांस ही दोनच उत्पन्ने सामान्यतः डोळ्यांसमोर येतात. पिसे ही टाकाऊ वस्तू समजून ती उकिरड्यावर फेकली जातात किंवा खताच्या खड्ड्यात कुजविली जातात. परंतु जगाच्या काही भागांत केवळ मानेवरील व पाठीवरील पिसांसाठी कोंबडे पाळले जातात. या पिसांपासून मासे पकडण्याची कृत्रिम माशी बांधली जाते. हौशी मासेमारी करणाऱ्या मंडळींत ही कला अत्यंत लोकप्रिय आहे. आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याचा या कलेशी जुना आणि काहीसा दुःखद संबंध आहे. म्हणून या विषयाची माहिती डोंगरी व वनालगतच्या गावांतील शेतकऱ्यांनाही असणे उपयुक्त ठरेल.

गळावरची माशी

गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून मासे धरण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. थंड प्रदेशातील ओढ्यांत राहणारा ट्राउट मासा मात्र मुख्यतः पाण्यातील व पाण्यावरील कीटकांवर जगतो. मेफ्लाय नावाचा कीटक आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली काढतो. पंख फुटून वर आल्यावर तो जेमतेम एक-दोन दिवस जगतो. त्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन त्याला टिपतात. हा कीटक इतका नाजूक असतो की तो गळात ओवता येत नाही. म्हणून त्याची हुबेहूब प्रतिकृती पिसे, केस व धागा यांच्या साहाय्याने गळावरच बांधतात.

ही युक्ती फार प्राचीन आहे. इसवी सनाच्या सुमारे २०० व्या वर्षी एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. माणसाचा हात लागताच खऱ्या माशीचा रंग जातो व तिचे पंख सुकतात. म्हणून हे कोळी गळाला तांबडी लोकर गुंडाळीत आणि कोंबड्याच्या गलोलीखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे तिच्यावर बसवीत, असे तो सांगतो. म्हणजे अठरा शतकांपूर्वीही या कलेचा आधार कोंबड्याचे पीस हाच होता. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील एका ग्रंथात बारा प्रकारच्या माश्या बांधण्याची कृती दिलेली आहे.

अशा माशीला वजन जवळजवळ नसतेच. त्यामुळे ती दगडासारखी भिरकावता येत नाही. येथे दोरीच वजनदार व टोकाकडे निमुळती केलेली असते. लवचिक काठी मागे-पुढे हलवून दोरी हवेत लांब सोडतात व तिच्यामागोमाग माशी अलगद पाण्यावर उतरते.

साहित्य व हत्यारे

या कामाला लागणारी हत्यारे थोडी व लहान असतात. पहिले हत्यार म्हणजे मेजाच्या कडेला बसविण्याचा छोटा व्हाइस. त्याच्या जबड्यात गळाचा वाकलेला भाग घट्ट धरतात, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. दुसरे हत्यार धाग्याचे रीळ धरणारी नळी. रीळ या नळीला टांगलेले असल्याने त्याच्या वजनानेच धागा ताणलेला राहतो व मध्येच हात सोडला तरी वेढे सैल होत नाहीत. पिसाचे टोक पकडून ते गळाभोवती फिरविण्यासाठी लहान चिमटा, बारीक टोकाची धारदार कात्री, केस विंचरून मोकळे करण्यासाठी सुई आणि शेवटची गाठ घालण्याचा वाकडा आकडा एवढी सामग्री पुरेशी होते. याखेरीज मेण व पातळ वार्निश लागते. गळाच्या क्रमांकांची रीत उलटी आहे, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे: क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान. हात बसेपर्यंत बारा क्रमांकाचा गळ घेणे सोयीचे.

बांधणीची रीत

उदाहरणादाखल अ‍ॅडम्स नावाची प्रसिद्ध माशी घेऊ. अमेरिकेतील मिशिगन राज्यात लिओनार्ड हॅलाडे यांनी ती १९२२ साली प्रथम बांधली. एकाच जातीच्या कीटकाची ती नक्कल नाही. अनेक करड्या कीटकांचा भास ती निर्माण करते, म्हणून आजही ती वापरात आहे.

प्रथम गळाच्या दांडीवर मेण लावलेल्या धाग्याचे लगत लगत वेढे द्यावेत. उघड्या धातूवर पुढचे साहित्य घसरते. नंतर करड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन पिसांची टोके दांडीच्या पुढील भागावर उभी बांधावीत. हे माशीचे पंख होत. मागील बाजूस ताठ तंतूंची शेपटी बांधावी. तिची लांबी दांडीइतकी असावी. मग राखी लव धाग्यावर बोटांनी पीळ देऊन चढवावी आणि हा लवदार धागा शेपटीकडून पंखांकडे गुंडाळीत आणावा. लव थोडीच घ्यावी. शरीर शेपटीकडे बारीक व पुढे किंचित जाड झाले पाहिजे.

यानंतर मुख्य काम येते. एक पट्टेदार व एक तपकिरी अशी मानेची दोन पिसे निवडावीत. त्यांच्या तंतूंची लांबी गळाच्या दांडी व टोक यांमधील अंतराच्या दीडपट ते दुप्पट असावी. बुडाची मऊ लव काढून टाकावी, पिसांचे दांडे बांधावेत आणि चिमट्याने एकेक पीस पंखांच्या मागे व पुढे तीन-चार वेढे फिरवावे. तंतू गळाभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे उभे राहतात. शेवटी धाग्याचे चार-पाच वेढे एकमेकांखाली दाबून गाठ घालावी व तिच्यावर वार्निशचा थेंब सोडावा. गळाच्या डोळ्याजवळ जागा न ठेवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक असते. तेथे दाटी झाली की गाठ बसत नाही व दोरीही ओवता येत नाही.

पिसाचा गुण कशात आहे

तरंगणाऱ्या माशीचे सर्व यश या आऱ्यांवर अवलंबून असते. ताठ व चिवट तंतूंची टोके पाण्याच्या पृष्ठभागावर टेकतात आणि पृष्ठताणामुळे माशी वर राहते. पिसाच्या बुडाशी असलेला मऊ, जाळीदार भाग पाणी शोषतो. तो जास्त असेल तर माशी बुडते. म्हणून तरंगत्या माशीला पूर्ण वाढलेल्या कोंबड्याचे पीस हवे. पाण्याखाली चालणाऱ्या माशीसाठी मात्र कोंबडीचे मऊ पीस अधिक चांगले, कारण ते भिजून कीटकाच्या पायांसारखे हलते. पट्टेदार पीस प्लायमाउथ रॉक या जातीपासून मिळते. ही जात कुक्कुटपालकांच्या परिचयाची आहे.

पिसांसाठी कोंबडेपालन

वायव्य स्पेनमधील लेओन प्रांतात कुरुएन्यो नदीच्या खोऱ्यात हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तेथील माश्यांचे वर्णन १६२४ सालच्या एका हस्तलिखितात आढळते. तेथे इंदिओ व पार्दो असे कोंबड्यांचे दोन प्रकार असून पहिल्याची पिसे एकरंगी चमकदार, तर दुसऱ्याची ठिपकेदार असतात. विशेष हे की कोंबडा मारला जात नाही. वर्षातून काही वेळा त्याची निवडक पिसे उपटून घेतात व तो पुन्हा नवी पिसे धरतो. ला वेसिया या गावी कोंबडे व कृत्रिम माश्या यांची जत्राही भरते.

अमेरिकेत याच धंद्याला शास्त्रीय निवडपैदाशीची जोड मिळाली. ओरेगॉन राज्यातील हेन्री हॉफमन यांनी अनेक वर्षे पट्टेदार कोंबड्यांची निवड करून लांब, अरुंद व एकसारख्या तंतूंची पिसे देणारा वाण तयार केला. १९८९ मध्ये डॉ. टॉम व्हाइटिंग यांनी तो घेऊन कोलोरॅडो राज्यात वाढविला. या वाणाच्या पाठीवरील पिसे एक फुटापर्यंत लांब होतात. एका पिसात अनेक माश्या बांधल्या जातात. अशा कोंबड्यांना सुमारे वर्षभर सांभाळावे लागते आणि पिसे मोडू नयेत म्हणून नर स्वतंत्र पिंजऱ्यांत ठेवावे लागतात. येथे पक्षी मारूनच पिसांसह कातडी काढतात.

या उदाहरणांवरून कोणी घाईने भांडवल गुंतवू नये. ही बाजारपेठ मर्यादित व दूरची आहे. २०११ साली अमेरिकेत केसांत पिसे गुंफण्याची टूम निघाली आणि पिसांचा एकाएकी तुटवडा पडला. टूम सरताच ती मागणीही ओसरली. परंतु निवडपैदाशीने पाळीव पक्ष्यात इष्ट गुण आणता येतो, त्यासाठी रानातील पक्षी मारावा लागत नाही, हा धडा मात्र कायमचा आहे.

रानकोंबड्याची मान

हा धडा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. राखी रानकोंबडा हा केवळ भारतात आढळणारा पक्षी असून सह्याद्रीच्या जंगलांत त्याची वस्ती आहे. नराच्या मानेवरील पिसांवर पांढरे व पिवळसर चकचकीत ठिपके असतात. जणू प्रत्येक पिसावर मेणाचा थेंब पडून गोठला आहे, असे दिसते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सामन माशासाठी रंगीबेरंगी माश्या बांधण्याची प्रथा वाढली आणि त्यांच्या गालावर डोळ्यासारखे दिसणारे हे पीस बसविण्यात येऊ लागले. 'जॉक स्कॉट' ही त्यांपैकी एक नामांकित माशी. या मागणीपायी असंख्य रानकोंबड्यांच्या माना समुद्रापार गेल्या.

१९०२ मध्ये तत्कालीन हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची कातडी व पिसे परदेशी पाठविण्यास मनाई केली, तरी चोरटा व्यापार चालूच राहिला. आज वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हा पक्षी संरक्षित आहे. त्याची शिकार करणे व त्याच्या पिसांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. दुर्मिळ पिसांचा मोह माणसाला कोठवर नेतो, याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. २००९ साली माश्या बांधण्याचा छंद असलेल्या एका तरुणाने ट्रिंग येथील संग्रहालयातून पक्ष्यांची २९९ कातडी चोरली.

नराची मान सर्वांत तेजस्वी असते ती विणीच्या हंगामात. हंगाम सरला की ही पिसे गळून त्या जागी साधी काळपट पिसे येतात. म्हणजे मानेसाठी लावलेला फासा नेमक्या प्रजननाच्या काळातच नराला टिपतो. मादी जमिनीवर घरटे करून साधारणतः चार ते सात अंडी घालते. कुत्री, मुंगूस व वणवा यांपासून तिला आधीच धोका असतो. त्यात फाशांची भर पडल्यास रान ओस पडावयास वेळ लागत नाही.

हा पक्षी आपल्या कोंबड्यांचा आप्तही आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा असला, तरी पिवळ्या कातडीचा गुण तिला राखी रानकोंबड्यापासून मिळाला, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकीच्या संशोधनातून दिसून आले. अंगणातील कोंबडीचे पिवळे पाय ही या रानपक्ष्याचीच देणगी होय.

ग्रामपातळीवर काय करावे

वनालगतच्या गावांत बाहेरचा कोणी रानकोंबड्याची मान किंवा पिसे मागू लागल्यास त्यास स्पष्ट नकार द्यावा व वनरक्षकास किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयास ताबडतोब कळवावे. थोड्या पैशांच्या लोभाने फासा लावणारा शेतकरी स्वतः खटल्यात अडकतो. मोठा नफा मात्र दूरच्या व्यापाऱ्याच्या हाती जातो, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सभांमधून समजावून सांगावे. फासे आढळल्यास त्यांचीही वर्दी द्यावी.

ज्यांना माशी बांधण्याचा छंद जोपासावयाचा असेल, त्यांना घरच्या कोंबड्याची पिसे पुरेशी आहेत. निरोगी पक्ष्याची पिसेच घ्यावीत. आजाराने मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. पिसे साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवावीत आणि कसर लागू नये म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. परदेशी हौशी मंडळीही आता रानकोंबड्याच्या पिसाऐवजी रंगविलेली पिसे व तत्सम नकली वस्तू वापरतात, किंवा बंदिवासात पैदास केलेल्या पक्ष्यांची पिसे घेतात. मासा गळाला लागतो तो बांधणाऱ्याच्या हाताच्या कौशल्यामुळे. त्यासाठी सह्याद्रीतील एकाही रानकोंबड्याचा जीव जाण्याचे कारण नाही.